गावाकडच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर काढताय? मग या क्रमानं जा

मी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. मोठ्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून ‘आपलं काहीतरी’ काढायचं म्हणणारे बरेच जण फोन करतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कुठल्या भाषेत लिहू? खरं सांगायचं तर हा प्रश्न यादीत फार खाली येतो. कोड येणारी माणसं आपल्याकडे पोत्यानं आहेत. अडतं ते कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, यावर. खालचा क्रम दूधधंद्यातल्या उदाहरणांनी सांगितला आहे. तुमचं गिऱ्हाईक मंगल कार्यालय असो, खासगी क्लास असो की बेदाण्याचं शीतगृह, फार फरक पडणार नाही.

१. आधी धंदा निवडा

‘छोट्या व्यापाऱ्यांसाठी ॲप’ हा धंदा नव्हे. ‘दीड-दोनशे सभासद असलेली गावची दूध संस्था’ हा धंदा. निवडताना तीन गोष्टी बघा: तिथं रोज हिशोब होतो का, हिशोब चुकला तर भांडण होतं का, आणि पैसे द्यायचा निर्णय कोण घेतो हे तुम्हाला माहीत आहे का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दूध संस्थेत सॉफ्टवेअर वापरतो सचिव, पण खरेदी मंजूर करते व्यवस्थापन समिती. त्यासाठी बैठकीत ठराव होतो, बऱ्याचदा तीन दरपत्रकं मागतात. सचिव खूश झाला म्हणजे ऑर्डर मिळाली, असं समजून घरी पेढे नेऊ नका.

आपल्याच घरात, भावकीत तो धंदा असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर पुढची पायरी टाळू नका.

२. एक पूर्ण बिल होईपर्यंत तिथं बसा

मोबाईल खिशात, वही हातात. पहाटेची पाळी, संध्याकाळची पाळी, आणि बिलवाटपाचा दिवस. दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांचं असतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. इथंच नवख्याचा पहिला सापळा आहे. तो कोडमध्ये ‘१० दिवस’ लिहून मोकळा होतो. ३१ तारखेच्या महिन्यात शेवटचं बिल ११ दिवसांचं असतं आणि फेब्रुवारीत ८ किंवा ९.

बसल्यावर दिसणाऱ्या काही गोष्टी, ज्या कुठल्याही बैठकीत कोणी सांगत नाही:

- सभासद नावानं नव्हे, कोड नंबरनं ओळखले जातात. एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार सभासद असतातच.
- बिलातून उचल, पशुखाद्याची वसुली, कर्जाचा हप्ता अशा कपाती होतात आणि कोणती आधी कापायची हे ठरलेलं असतं. बिलापेक्षा कपात जास्त निघाली तर बाकी पुढे ओढतात.
- दर एकच नसतो. फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकी घन घटक) यांच्या तक्त्यावरून प्रत्येक नोंदीचा दर निघतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरतात, त्याच्या वर-खाली वाढ आणि कपात. तक्ता संघ (गावच्या संस्थांचं दूध घेणारा दूध संघ) बदलतो, कधी कधी चालू बिलाच्या मधोमध.
- जिथं लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायची नळी) वापरतात तिथं एसएनएफ सूत्रानं काढतात: रीडिंगला ४ नं भागायचं, त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक स्थिरांक मिळवायचा. तो स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. पुस्तकातला घेऊ नका, त्या संघाचा विचारा.

कोणाला ‘तुम्हाला काय फीचर हवंय?’ असं विचारू नका. उत्तर येतं ‘सगळंच’. त्याऐवजी ‘मागच्या बिलाला कोण भांडायला आलं होतं?’ असं विचारा. चहा संपेपर्यंत तुमची अर्धी यादी तयार होते.

३. कोडच्या आधी पैसे

एक्सेलमध्ये नमुना करा. एका संस्थेचं मागचं बिल त्यात घाला, रकमा जुळवून दाखवा आणि आगाऊ रक्कम मागा. थोडी असली तरी चालेल, पण पावती फाडून घ्या. ‘झाल्यावर बघू’ म्हणणारे दहा जण आणि हजार रुपये टेबलावर ठेवणारा एक, यात तो एक खरा. फुकट वापरणारा कधीच खरी तक्रार करत नाही. तो गुपचूप वहीकडे परत जातो.

४. पहिली आवृत्ती: पैसा, मराठी आणि कागद

ही पायरी लांबणार आहे, कारण नवे लोक सगळ्यात जास्त इथं अडकतात.

*पैसा.* ७.३ लिटर दूध, दर ३४.५५ रुपये. गुणाकार २५२.२१५. आता २५२ रुपये २१ पैसे की २२? संगणकातले दशांश अपूर्णांक आतून नेमके साठवले जात नाहीत, त्यामुळे असा अर्धा पैसा कधी वर जातो, कधी खाली, आणि का गेला हे तुम्हाला सांगता येत नाही. रक्कम कायम पूर्णांकात, पैशांमध्ये साठवा. दर ३४५५, लिटर ७३. शेवटी एकदाच भागा आणि पूर्णांक करण्याचा नियम संस्थेकडून लिहून घ्या. प्रत्येक पाळीची रक्कम आधी पूर्ण करून बेरीज करायची की बेरीज करून मग पूर्ण करायची, हेही विचारा. दहा दिवसांच्या बिलात २० नोंदी असतात. दोन पद्धतींत फरक पडतो, आणि सभासद आपल्या चिठ्ठ्या जपून ठेवतो. तो बेरीज करून येणारच.

*मराठी.* जुनी माहिती बऱ्याचदा युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक ठरण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असते. ती रूपांतरित करताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, म्हणून नावांची यादी छापून सचिवाकडून तपासून घ्या. त्यानंतरचे खड्डे असे:

- ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं: एक ‘ऱ’ वापरून, दुसरं साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, शोधात मात्र एक सापडतं आणि दुसरं नाही. साठवण्याआधी सगळं एका रूपात आणा.
- अक्षरक्रम संगणकावर सोडलात तर ‘क्षीरसागर’ आणि ‘ज्ञानेश्वर’ अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’च्या गटात जातात आणि ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो. लोक त्यांना यादीच्या शेवटी शोधतात. मराठी क्रमवारीचा नियम वेगळा लावावा लागतो.
- ब्राउझरला मराठी स्थानिक स्वरूप दिलं की तो आकडे देवनागरीत छापतो. दिसायला छान. तेच आकडे परत गणितात घ्यायला गेलात की अडलं.
- सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेल्या तक्त्याची) फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) मध्ये असली तरी सुरुवातीची बीओएम ही अदृश्य ओळखखूण नसेल तर एक्सेलमध्ये मराठीचा चिवडा होतो.
- मराठी एसएमएस ७० खुणांचा, इंग्रजी १६० चा. लांबला की प्रत्येक तुकडा ६७ चा. आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे: ‘स्त्री’ला सहा खुणा लागतात. बिलाचा संदेश इंग्रजीत एकात बसतो, मराठीत दोन किंवा तीन होतात आणि तेवढे पैसे लागतात.

*कागद.* दोन इंची थर्मल प्रिंटर बहुधा देवनागरी जाणत नाही. चिठ्ठी चित्र म्हणून तयार करून पाठवावी लागते. अशा प्रिंटरची रुंदी साधारण ३८४ ठिपके असते. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) जोडाक्षरं तोडतात, तेव्हा लायब्ररी निवडण्याआधी ‘र्‍हस्व, क्लिष्ट, वृद्धी, कार्यकर्त्यांना’ एवढं छापून बघा.

*बँकेची फाइल.* हा सापळा स्वतंत्र सांगतो, कारण यात खरे पैसे जातात. एक्सेल आकड्यातले १५ अंकच धरतं. पुढचे शून्य होतात. सोळा अंकी खाते क्रमांक सचिवानं एक्सेलमध्ये उघडून जपून ठेवला की शेवटचा अंक गेला. सुरुवातीची शून्यंही गळतात. खाते क्रमांक नेहमी मजकूर म्हणून ठेवा, आणि बँकेत जाणारी फाइल सॉफ्टवेअरमधून थेट काढा, मधे एक्सेल नको.

५. इंटरनेट नाही असं धरून चला

पहाटे साडेपाचला रांग लागलेली, लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी फिरतं चाक बघत कोणी उभं राहत नाही. नोंद आधी जागेवरच्या यंत्रात पडली पाहिजे, नेट आलं की वर गेली पाहिजे. दोन यंत्रांवरून नोंदी होत असतील तर प्रत्येक नोंदीला यंत्रानंच स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा. ‘पुढचा नंबर’ सर्व्हरकडून मागितलात की नेट नसताना काम अडलं. एकदा पडलेली नोंद खोडू देऊ नका. दुरुस्ती हवी असेल तर नवी नोंद, कोणी आणि कधी केली यासकट. लेखापरीक्षक आणि चिडलेला सभासद, दोघांनाही हेच दाखवायचं असतं.

काटा आणि दूध तपासणी यंत्र बहुधा सीरियल केबलवर आकडे देतात. ते फक्त वाचा. वैधमापनाचा शिक्का असलेला काटा उघडायच्या भानगडीत पडू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

रोजचा बॅकअप घेणं सोपं आहे. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून बिल काढून बघणं कंटाळवाणं आहे, म्हणून ते राहतं. महिन्यातून एकदा करा.

६. कंपनी केव्हा आणि कोणती

पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे यायच्या आधी खासगी मर्यादित कंपनी काढू नका. एकट्यानं सुरुवात असेल तर एकल मालकी पुरते: पॅन, चालू खातं आणि उद्यम (सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी) नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. फी मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, तिथून मागे फिरा.

भागीदार आले, शेअर वाटायचे झाले किंवा मोठा संघ ‘कंपनीच्या नावानं बिल द्या’ म्हणाला की मग कंपनी. स्पाइस प्लस या सरकारी अर्जातच नाव, नोंदणी, पॅन आणि टॅन (करकपातीचा क्रमांक) होतं. लागणारी कागदपत्रं:

- किमान दोन संचालक आणि दोन भागधारक (तीच दोन माणसं चालतात). एक संचालक तरी वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा
- प्रत्येकाचं पॅन, आधार, फोटो, आणि पत्त्यासाठी बँक स्टेटमेंट किंवा फोन अथवा वीजबिल, दोन महिन्यांहून जुनं नको
- नोंदणीकृत कार्यालयाचं वीजबिल, जागामालकाचं ना-हरकत पत्र, भाड्याची असेल तर करारनामा. घराचा पत्ता चालतो
- डिजिटल स्वाक्षरी

नावाचं स्पेलिंग पॅन आणि आधारवर वेगळं असेल तर आधी ते जुळवा. बऱ्याच अर्जांचं घोडं इथंच अडतं.

कंपनी झाली की घड्याळ सुरू होतं. ३० दिवसांत संचालकांची पहिली बैठक आणि लेखापरीक्षकाची नेमणूक. १८० दिवसांत भागभांडवल खात्यात जमा करून आयएनसी-२०ए हा धंदा सुरू केल्याचा अर्ज भरायचा. हा विसरणारे फार, आणि कंपनीला दंड ५०,००० रुपये. धंदा एक रुपयाचा झाला नसला तरी वार्षिक विवरणं भरावीच लागतात, उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये. नोंदणी स्वस्तात करून देणाऱ्या माणसापेक्षा वर्षभर फोन उचलणारा सीए शोधा. परदेशातल्या भावानं किंवा मित्रानं परतीच्या हक्कासह भांडवल घातलं तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं, हेही त्याच सीएला आधी विचारा.

स्टार्टअप इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेची मान्यता एकल मालकीला मिळत नाही. कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. मान्यता मिळाली म्हणजे आयकर माफ, असा समज सर्रास आहे. करसवलतीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी मंजुरी असते. ट्रेडमार्कला मात्र फायदा आहे: ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ९,००० ऐवजी ४,५०० रुपये, आणि व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणूनही तेवढेच. उतरवून घेण्याचं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, नेटवरून चालणारं ४२ मध्ये.

७. कोड कोणाच्या नावावर आहे?

मित्राकडून, फ्रीलान्सरकडून लिहून घेताय? कॉपीराइट कायदा, १९५७ सांगतो की नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं, पण बाहेरच्या माणसानं लिहिलेलं त्याचंच, लेखी हस्तांतर होईपर्यंत. तुम्ही पैसे दिलेत याला तिथं किंमत नाही. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे दोन शब्द घालाच. स्वतःच्या नोकरीचं नेमणूकपत्रही वाचा. ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं’ असं कलम त्यात असेल तर राजीनाम्याआधी लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर वाद होऊ शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपला तर हातही लावू नका.

भागीदारांत शेअर एकदम देऊ नका. चार वर्षांत हप्त्यानं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही, हा रिवाज रुळला आहे. दोस्तीत कागद कशाला, असं वाटतं तेव्हाच तो करून टाका.

८. किंमत, कर आणि वसुली

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आधीच हौसेनं घेऊ नका, कारण तुमचं गिऱ्हाईक जीएसटीत नसेल तर १८ टक्के त्याच्या खिशातून जातात. ६,००० रुपयांचं सॉफ्टवेअर त्याला ७,०८० ला पडतं. समितीत विचारतात ते एवढंच: ‘सगळं मिळून किती?’ प्रिंटर, काटा यांसारखा माल राज्याबाहेर विकणार असाल तर मात्र उलाढाल कितीही असो, नोंदणी आधी.

वार्षिक शुल्क घ्या आणि ते आगाऊ घ्या. एकदाच मोठी रक्कम घेऊन ‘आयुष्यभर फुकट सेवा’ देणारे तिसऱ्या वर्षी फोन बंद करून बसतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल खरेदीदारानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं, आणि उशीर झाला तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. गावच्या संस्थेवर हे हत्यार उपसू नका, पुढचा तालुका हातचा जाईल. मोठ्या खरेदीदारासाठी ते राखून ठेवा आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा.

९. बसवायचा दिवस

वहीतून सॉफ्टवेअरवर जायचं ते १, ११ किंवा २१ तारखेलाच. चालू बिलाच्या मधे बदल केला की अर्धा हिशोब वहीत, अर्धा पडद्यावर, आणि फरकाचा धनी तुम्ही. पहिलं बिल दोन्हीकडे करा, वहीतही आणि सॉफ्टवेअरमध्येही. सचिव कुरकुर करेल. रकमा जुळल्या की तोच शेजारच्या गावात तुमचं नाव सांगेल.

एसएमएस पाठवायचे असतील तर महिनाभर आधी लागा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणी मंचावर संस्था, सहा अक्षरी शीर्षक (पाठवणाऱ्याचं नाव) आणि संदेशाचा प्रत्येक साचा नोंदवावा लागतो. साच्यात नंतर एक शब्द बदललात तरी संदेश अडतो. मोबाईल ॲप असेल तर गूगल प्लेच्या नव्या वैयक्तिक खात्याला प्रसिद्धीआधी १२ परीक्षक सलग १४ दिवस लागतात. उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी हे मोजा.

सभासदांचे बँक तपशील तुमच्याकडे येणार आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विषय इथं येतो. गरज नसेल तर आधार क्रमांक घेऊच नका, आणि व्हॉट्सॲपवर पासबुकांचे फोटो मागवायची सवय पहिल्या दिवसापासून टाळा.

१०. पहाटेचा फोन आणि विकणारा माणूस

सॉफ्टवेअर बंद पडायची वेळ कार्यालयीन नसते. फोन पहाटे येतो, मागे कॅनचा खडखडाट आणि ‘साहेब, चिठ्ठी येईना’. निम्म्या वेळा प्रिंटरमधला कागद उलटा असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक पान चिकटवा: कागद कसा घालायचा, केबल कुठली, यंत्र बंद-चालू कसं करायचं, आणि काहीच चाललं नाही तर वहीत काय काय लिहून ठेवायचं. या एका पानानं माझे जितके फोन वाचवले तितके कुठल्याही कोडनं वाचवले नाहीत.

विक्रीसाठी फेसबुकवर जाहिराती लावण्याआधी तालुक्यात दूध तपासणी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस गाठा. प्रत्येक संस्थेत त्याचं जाणं-येणं असतं आणि सचिवाचा त्याच्यावर विश्वास असतो. त्याला पहिल्या वर्षाच्या शुल्कात ठसठशीत हिस्सा द्या आणि नूतनीकरणातही थोडा. फक्त विक्रीवर कमिशन दिलं तर तो वाट्टेल ते कबूल करून येतो आणि निस्तरायला तुम्ही.

११. गुंतवणूकदार

बहुतेकांना लागत नाही. गुंतवणूकदाराला काही वर्षांत अनेक पटींनी परतावा हवा असतो. तीनशे संस्थांकडून दरवर्षी शुल्क घेणारा धंदा तुमचं घर उत्तम चालवेल, पण त्याच्या गणितात बसणार नाही. पैशांपेक्षा जागा, सल्ला आणि ओळखी हव्या असतील तर इनक्युबेटरकडे (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेकडे) जा. आयआयटी मुंबईचं साइन, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशी ठिकाणं आहेत. प्रत्येकाचा कल वेगळा, तेव्हा अर्जाआधी तिथं वाढलेल्या दोन-तीन कंपन्यांशी बोला.

तरीही गुंतवणूक घ्यायचीच ठरली तर पहिल्या भेटीला चकचकीत सादरीकरणापेक्षा तीन कागद न्या: संस्थावार जमा झालेलं शुल्क, मागच्या वर्षी नूतनीकरण न केलेल्यांची यादी कारणांसकट, आणि सातव्या पायरीतले हस्तांतराचे करार. यातला दुसरा कागद मागितला नाही तरी द्या. बहुतेक प्रश्न त्यावरूनच निघतात, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे आधीपासून तयार असतील.